चौदा तीनशेपट्या

रविवार, ११ फेब्रुवारी

वही मिळाली. निळा पुठ्ठा, आत रकाने छापलेले: तारीख, वेळ, हवा, पाण्याचा नितळपणा, काय दिसलं, शेरा. मागची तीसचाळीस पानं कोरी आहेत. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, मागे तुमच्या मनातलं लिहा, ते कुणी तपासणार नाही. माझ्या मनात काही नाही. पण कोरं पान बघवत नाही, छत्तीस वर्षांची सवय, म्हणून लिहितोय.

नाव लेकीने परस्पर नोंदवलं. फोनवर म्हणाली, "बाबा, गावातल्या ओढ्यांची देखरेख करायला माणसं हवी आहेत. आधी शिकवतात, मग एकेक जागा नेमून देतात. तुम्ही पाण्याच्याच खात्यात होता ना." मी म्हटलं, मी पाण्याचे मीटर वाचायचो, पाणी नाही. ती म्हणाली, "तेच ते." तेच ते नाही. पण वाद कोण घालणार, हो म्हटलं. ही गेल्यापासून मी सगळ्यालाच हो म्हणतो. त्यात कमी बोलावं लागतं.

शाळेच्या एका वर्गात बारा जण होतो. बाक पोरांचे, गुडघे मावत नव्हते. प्रत्येकाने का आलो ते सांगायचं होतं. मी सांगितलं, रविवारी मोकळा असतो. शेजारी एक शिंपीणबाई होत्या, बाजारात दुकान आहे त्यांचं. त्या म्हणाल्या, "आणि बाकीचे सहा वार काय करता, काका?" सगळे हसले. बाकीचे सहा वारही मोकळाच असतो, पण ते सांगितलं नाही. मग बाईंनी जोड्या पाडल्या, तर माझी जोडी नेमकी शिंपीणबाईंशीच लागली.

रविवार, १८ फेब्रुवारी

आज ओढ्यात उतरवलं. आमच्या ओढ्यावर दोन जागा आहेत. वरची पुलाखाली, ती एका निवृत्त मास्तरांची आणि त्यांच्या बायकोची. खालची लाँड्रीच्या मागे, ती आमची. मधे अर्धा किलोमीटर. बाकीच्या जोड्या दुसऱ्या ओढ्यांवर.

रीत अशी. एकाने खालच्या अंगाला जाळं धरायचं, दुसऱ्याने वरच्या अंगाला उभं राहून तीन मिनिटं पायाने तळ ढवळायचा. जे सुटेल ते वाहत जाळ्यात येतं. जाळं पांढऱ्या ट्रेमध्ये उलटं करायचं आणि जे हलेल ते मोजायचं. "काका, ढवळताय की नाचताय?" शिंपीणबाई म्हणाल्या. मी म्हटलं, घड्याळ बघा.

ट्रेमध्ये आधी नुसता गाळ दिसतो. मग गाळाला पाय फुटतात. बाईंनी तीन प्राणी ओळखायला शिकवले. एकाला मागे तीन बारीक शेपट्या, त्याला आम्ही तीनशेपट्या म्हणतो. एक वाळूच्या कणांचं नळकांडं करून त्यात राहतो, तो घरवाला. तिसरी तांबडी अळी, ती कसल्याही घाणीत जगते. तीनशेपट्या नाजूक. पाणी बिघडलं की सगळ्यात आधी तो मरतो. म्हणजे खरा मीटर तोच, बाकी सगळं वरचं झाकण.

मग बाईंनी एक गोष्ट दोनदा सांगितली. "ट्रेमध्ये काही नसेल तर शून्य लिहा. तुम्ही गेलाच नसाल तर रेघ मारा. शून्य म्हणजे मी पाहिलं आणि नव्हतं. रेघ म्हणजे मी पाहिलंच नाही. रेघ मारायला लाजू नका, कुणी रागावणार नाही."

आमच्या खात्यात रेघ चालत नसे. दार बंद असलं तर मागच्या तीन वेळांची सरासरी टाकायची. वरून हुकूमच होता तसा. रेघ मारली तर बिल निघत नाही. मी हे बाईंना सांगितलं. त्या हसून म्हणाल्या, "काका, इथे बिल नाही काढायचं."

पाण्यात बुडवायचा थर्मामीटर दिलाय, त्याला दोन सेल लागतात. घरी ड्रॉवरमध्ये चार सापडले, पाकीट न फोडलेलं. प्रेशरच्या मशीनसाठी आणले होते, मग लागले नाहीत. त्यातलेच दोन घातले.

मंगळवार, २० फेब्रुवारी

लेकीचा फोन. रोज संध्याकाळी सातला येतो. "जेवलात का?" "जेवलो." "काय केलं होतं?" "भात." कधी केलेला असतो, कधी नसतो.

आज वेगळं विचारलं. आईच्या प्रेशरच्या वहीचे फोटो पाठवा म्हणाली. तिच्या ओळखीच्या एका डॉक्टरांना दाखवायचे आहेत. मी म्हटलं, आता दाखवून काय करायचं? ती म्हणाली, "मला कळायला हवं." पाठवले. वही मीच लिहायचो, सकाळी एक आकडा आणि संध्याकाळी एक. अक्षर सुवाच्य आहे.

अर्ध्या तासाने पुन्हा फोन. डॉक्टर म्हणाले, आकडे उत्तम आहेत, गोळी व्यवस्थित लागू पडत होती, शेवटच्या अकरा दिवसांत तर एकही वाईट नाही, मग असं एकाएकी व्हायला काहीतरी निमित्त झालं असणार. लेकीने हे सगळं एका दमात सांगितलं. मग म्हणाली, "पंचवीसला संध्याकाळी मी आईशी भांडले होते. घराच्या वाटणीवरून. तिचा आवाज थरथरत होता." सव्वीस सप्टेंबरला सकाळी ही स्वयंपाकघरात पडली. मी म्हटलं, तसं काही नसतं. आणखी काय म्हणणार. ती रडली. मला रडू आलं नाही. फोन ठेवून मी नळ गळतोय का बघितला. गळत नव्हता.

रविवार, २५ फेब्रुवारी

तीनशेपट्या १५. घरवाले ४. तांबड्या ६. हवा स्वच्छ.

लाँड्रीवाला मागच्या दाराने बघत उभा होता. मला ओळखलं त्याने. वीस वर्षं त्याचं मीटर वाचलंय. "मीटरसाहेब, आता किड्यांचं बिल काढता का?" म्हणाला. चहा दिला. त्याचं पाणी ओढ्यात जात नाही, अंगणात मोठा शोषखड्डा आहे, ते झाकण मी अनेकदा उचललेलं आहे. शिंपीणबाईंनी त्याला ट्रे दाखवला. तो चष्मा वर करून बघत बसला. "हे माझ्या मागच्या दारात राहतात आणि मला पत्ता नाही," म्हणाला.

रविवार, ३ मार्च

तीनशेपट्या १२. घरवाले ५. तांबड्या ७.

बाईंनी सगळ्या जोड्यांच्या कागदांची पक्की प्रत काढायचं काम मला दिलं. म्हणाल्या, तुमच्या अक्षराला तोड नाही. शिंपीणबाई म्हणाल्या, "घ्या, काकांना बढती." मला बरं वाटायला हवं होतं.

रविवार, १० मार्च

तीनशेपट्या १५. घरवाले ४. तांबड्या ६.

दगडाच्या कपारीत अडकून जाळं वीतभर फाटलं. शिंपीणबाई घेऊन गेल्या, म्हणाल्या, दुकानात टीप मारून ठेवते. पुढच्या रविवारी त्या नाहीत, बहिणीकडे जाणार आहेत. "एकट्याने जमेल ना? मास्तरांना बोलावून घ्या हवं तर. आणि शनिवारपर्यंत जाळं न्या दुकानातून, मी गेले की कुलूप असेल." जमेल म्हटलं. त्या म्हणाल्या, "तुमचं हो म्हणजे ना, काका, शिवण न घातलेली बाही. दिसते, पण हातात येते." विनोद असावा.

शुक्रवार, १५ मार्च

दुपारी पायी निघालो, कारण नव्हतं. पोहण्याच्या तलावाच्या फाटकावर पाटी: वार्षिक सफाईसाठी बंद. दोनतीन माणसं टॉवेलची गुंडाळी काखेत धरून पाटी वाचत उभी होती. आत पंप चालू होता. तलावापासून ओढ्याकडे उतरणाऱ्या गल्लीत औषधाचा एवढा वास की डोळे चुरचुरले. घरी येऊन डोळ्यांवर पाणी मारलं.

उद्या जाळं आणायचं आहे.

रविवार, १७ मार्च

सकाळी जाग आली ती साडेसहालाच. उठलो नाही. दुखत काही नव्हतं, तापही नव्हता. बूट दाराशी होते, पलंगावरून दिसत होते. आठ वाजले, नऊ वाजले. मग दुपार झाली. एकदा वाटलं, मास्तरांना फोन करावा. फोन उशाशीच होता. हात नेला नाही.

संध्याकाळी उठून चहा केला आणि वही उघडली. उद्या पक्की प्रत द्यायची आहे, तिच्यात माझाच रकाना रिकामा. मागचे तीन आकडे पंधरा, बारा, पंधरा. बेरीज बेचाळीस, भागिले तीन, चौदा. भागाकार बिनबाकी आला. घरवाले ४, तांबड्या ६. नितळपणाही तसाच काढला. एका आठवड्यात ओढ्याला काय होणार आहे? छत्तीस वर्षं हजारो घरांना अशी सरासरी लावली, कुणाचं काही बिघडलं नाही.

तारीख घालताना लक्षात आलं की आज सतरा मार्च. आमचं लग्न याच तारखेला झालं. त्याचा उठण्या-न उठण्याशी काही संबंध नाही.

सातला फोन. "जेवलात का?" "जेवलो." "ओढ्यावर गेला होतात?" "गेलो होतो."

रविवार, २४ मार्च

शून्य.

शिंपीणबाई जाळं घेऊन आल्या होत्या. टीप इतकी बारीक की बोट फिरवल्याशिवाय कळत नाही. मी वा म्हटलं. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "मागच्या रविवारी कसं होतं, काका?" मी म्हटलं, नेहमीसारखं, चौदा. त्या पुढे काही बोलल्या नाहीत. दिवसभर काही बोलल्या नाहीत, आणि ते त्यांच्या स्वभावात नाही.

तीनदा ढवळलं. तीनशेपट्या एकही नाही. घरवाल्यांची नळकांडी होती, पण आत कुणी नाही. तांबड्या अळ्या तेवढ्या वळवळत होत्या. ट्रे पांढरा, त्यात रिकामी नळकांडी. मी बराच वेळ बघत उभा होतो. पायांभोवतीचं पाणी गार होतं, एवढंच जाणवलं.

फोन केला तशा बाई धावत आल्या. त्यांनी वर पुलाखाली जाऊन मोजलं, तिथे सोळा. म्हणजे जे झालं ते मधल्या अर्ध्या किलोमीटरमध्ये.

मंगळवार, २६ मार्च

वर्गात बैठक. नगरपालिकेचे साहेब आले होते. फळ्यावर ओढा काढला, पूल काढला, आमची जागा काढली. मधे ओढ्याला लागून दोनच ठिकाणं: पोहण्याचा तलाव आणि लाँड्री. तलावाच्या माणसाने आपली नोंदवही आणली होती. त्यांनी पाणी सोडलं ते शुक्रवारी, पंधरा तारखेला, त्यानंतर थेंबही नाही. औषध त्यात जरा जास्तच राहिलं होतं, तेही त्याने मान्य केलं.

साहेब म्हणाले, "पण सतरा तारखेला खाली चौदा जिवंत होते. दोन दिवस उलटून गेल्यावर. म्हणजे तलावाच्या पाण्याने काही झालेलं नाही. जे झालं ते सतरानंतर, आणि सतरानंतर पाणी वापरणारं मधे एकच ठिकाण आहे." फळ्यावर लाँड्रीभोवती त्यांनी गोल काढला. सोमवारपासून लाँड्रीला सील.

बाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, "काका, चौदा नक्की ना? तुमच्या एका आकड्यावर सगळं उभं आहे, म्हणून विचारते."

मी म्हटलं, "वहीत आहे तसं."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ टेबलाखाली होती, ती खरंच झाकलेली होती. घाम आला होता तिला. मी खोटं बोललो नाही, वहीत तसंच आहे. असं मी घरी येईपर्यंत स्वतःला सांगत होतो.

गुरुवार, २८ मार्च

लाँड्रीवाला घरी आला. आजवर मी त्याच्याकडे जायचो, तो पहिल्यांदाच आला. खुर्चीच्या कडेला बसला, चहा नको म्हणाला. भांडायला आला असेल असं वाटलं होतं. भांडला असता तर बरं झालं असतं.

म्हणाला, "मीटरसाहेब, लोक म्हणतात चोर सोडून संन्याशाला फाशी. पण मी तसं म्हणत नाही. वीस वर्षांत तुमचा एक आकडा चुकलेला मी बघितला नाही. तुम्ही चौदा म्हणालात म्हणजे चौदाच. मग माझ्याच हातून काही झालं असणार. खड्डा फुटला का बघितलं, नाही फुटलेला. सोड्याची गोणी कुठे सांडली का बघितलं. धाकट्या भावावर संशय घेतला, त्याच्याशी बोलणं बंद आहे. तुम्ही जाणकार आहात. मी काय केलं असेन, तेवढं सांगा. सील लागलं तर लागलं, पण माझं मला कळू दे."

मी म्हटलं, बघतो. वीस वर्षांत त्याचं दार सात-आठ वेळा तरी बंद होतं. त्याला तेही माहीत नाही.

सातला लेकीचा फोन. आज जेवणाचं विचारलंच नाही. म्हणाली, झोप लागत नाही, वहीचे फोटो पुन्हा पुन्हा बघते. "आकडे इतके चांगले होते, बाबा. म्हणजे मीच केलं. दुसरं काय असणार?"

दोघं एकाच दिवशी एकच बोलले. मी दोन्ही वाक्यं वर लिहिली आहेत तशीच. आज जेवलो नाही. कुणी विचारलं नाही.

शनिवार, ३० मार्च

काल काहीच केलं नाही. आज सकाळी बाईंच्या घरी गेलो. त्या गॅलरीत बूट धूत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "सतराचा आकडा सरासरी आहे. मी गेलो नव्हतो."

त्यांनी नळ बंद केला. "का नाही गेलात?"

"उठलो नाही."

"बरं नव्हतं?"

"बरं होतं. उठलो नाही."

त्या ओल्या हातांनी तशाच बसल्या. रागावतील म्हणून मी वाट बघत होतो. शेवटी म्हणाल्या, "काका, मी सांगितलं होतं ना, रेघ मारायला लाजू नका." मी म्हटलं, लाजलो नाही, सवयीने झालं. त्या म्हणाल्या, "एका माणसाचं दुकान जातंय." मी म्हटलं, म्हणून आलो.

साहेबांना त्यांनी लगेच फोन लावला. उद्या सगळ्यांसमोर मला हेच सांगायचं आहे.

रविवार, ३१ मार्च

सांगितलं. वर्ग तोच, बाक तोच, गुडघे तसेच. बिलाची चूक वाचून दाखवावी तसं वाचलं. मग बाईंनी वही पुढे केली आणि पेन दिलं. म्हणाल्या, तुम्हीच मारा. चौदा खोडला, शेजारी रेघ मारली, सही केली. रेघ सरळ आली.

साहेब वैतागले. म्हणाले, "मग तुमचे बाकीचे आकडे तरी खरे कशावरून?" बाईंनी मान खाली घातली. माझे सगळे कागद नोंदीतून काढले. पंधरा, बारा, पंधरा, जे खरे होते, तेही. पक्की प्रत आता मास्तरांची बायको काढणार. रास्त आहे. मास्तर माझ्याकडे न बघता बाहेर गेले, तेही रास्त.

लाँड्रीचं सील रद्द. तलावाला नोटीस.

बाहेर शिंपीणबाई थांबल्या होत्या. म्हणाल्या, "जाळं माझ्या दुकानात होतं, काका. कुलपात." आत्ता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांना चोवीस तारखेपासून माहीत होतं. विचारलं, मग त्या दिवशी बैठकीत बोलला का नाहीत? "रोज उठून ठरवत होते बोलायचं. म्हटलं काका स्वतः बोलले तर बरं. आज नसता बोललात तर मी उभी राहणार होते, चिठ्ठीसुद्धा लिहून आणली होती." त्यांनी पिशवीतून चिठ्ठी काढून दाखवली. अक्षर वाईट आहे त्यांचं. लाँड्रीवाल्याकडे मात्र तुम्हालाच जायचंय, म्हणाल्या.

गेलो. त्याने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे मी काही केलं नव्हतं," एवढंच म्हणाला, दोनदा. मग आत जाऊन भावाला हाक मारली. मला बसा म्हणाला नाही.

रविवार, ७ एप्रिल

मला ओढ्यावरून काढलेलं नाही. पण आता आकडा शिंपीणबाई लिहितात, मी फक्त ढवळतो.

तीनशेपट्या १.

वरून पुलाखालून वाहत आला असणार, बाई म्हणाल्या, असेच एकेक करून येतात परत. शिंपीणबाईंनी विचारलं, "लिहू ना, काका? बघितलात ना नीट?" मी ट्रेवर वाकून बघितलं. होता. शेपट्या तीन.

लाँड्रीचं मागचं दार उघडं होतं. कुणी बाहेर आलं नाही.

सोमवार, ८ एप्रिल

हिच्या प्रेशरची वही काढली.

पंधरा सप्टेंबरला मशीनचे सेल संपले. उद्या आणतो म्हटलं. हीच म्हणाली होती, "राहू दे, रोज काय तो दंड आवळायचा, मी बरी आहे." दुसऱ्या दिवशी विसरलो. तिसऱ्या दिवशी आठवण झाली, पण दुकान लांब होतं. रकाना मात्र रोज भरत होतो. एकशे तीस, चौऱ्याऐंशी. एकशे अठ्ठावीस, ब्याऐंशी. थोडं वरखाली करायचं, म्हणजे खरं दिसतं, हेही नोकरीत शिकलेलं. मधे दोन दिवस ती डोकं दुखतंय म्हणाली होती. मी वही बघून म्हटलं होतं, प्रेशर तर छान आहे तुझं.

हे मी इतके महिने विसरलो नव्हतो. आठवलंही नव्हतं. कसं ते मला सांगता येत नाही. सेल पंचवीसला दुपारी आणले. ड्रॉवरमध्ये टाकले, म्हटलं उद्या सकाळी घालू.

पट्टी न घेता रेघा मारल्या. पंधरापासून पंचवीसपर्यंत अकरा. शेवटच्या तीन वाकड्या आल्या.

सात वाजायची वाट बघितली नाही, मीच फोन लावला. ती घाबरली, म्हणाली, "बाबा, काय झालं?" मी म्हटलं, "शेवटचे अकरा दिवस मी मोजलंच नव्हतं. सेल संपले होते. आकडे माझ्या मनाचे आहेत. तुझ्या भांडणाने झालं असं वहीत कुठेच नाही. वहीत काहीच नाही."

फोन चालू होता, तिच्या घरातलं घड्याळ ऐकू येत होतं. मग म्हणाली, "आणि मी इतके महिने?"

तिने फोन ठेवला.

मंगळवार, ९ एप्रिल

फोन आला नाही.

बुधवार, १० एप्रिल

फोन आला नाही. जावयाचा निरोप आला, ती बरी आहे, तिला थोडे दिवस द्या. मी बरं म्हटलं. शिंपीणबाई दुकान बंद करून जाताना दाराशी थांबल्या, डबा ठेवून गेल्या. उघडला नाही.

शुक्रवार, १२ एप्रिल

सातला फोन वाजला. तिसऱ्या घंटीला उचलला.

ती म्हणाली, "जेवलात का?"

मी म्हटलं, "नाही."

"सकाळी?"

"नाही. परवापासून नीट नाही."

मग म्हणाली, "मला तुमचा खूप राग आलाय, बाबा. तो जाणार नाही एवढ्यात." मी म्हटलं, बरोबर आहे. ती म्हणाली, "उठा आता. वाढून घ्या. मी फोनवर थांबते."

उठलो. भात होता सकाळचा, गरम केला. फोन ताटाशेजारी ठेवला. पहिला घास घेतला आणि तो खाली उतरेना, कारण मला रडू यायला लागलं. ही गेल्यापासून पहिल्यांदा. आवाज न करता रडावं म्हटलं, तेही जमलं नाही. तिकडून तीही रडत होती. मधेच म्हणाली, "जेवताय ना?" मी म्हटलं, जेवतोय. खरंच जेवत होतो. ताट संपायला पाऊण तास लागला, तोवर तिने फोन ठेवला नाही.